विस्कॉन्सिनमधला हरणांचा हंगाम: पहिल्यांदा जाणाऱ्यासाठी

प्रश्न असा आहे: "मी मूळ नाशिकचा. तीन वर्षं मॅडिसनला नोकरी करतोय, एच-वन-बी व्हिसावर आहे. ऑफिसमधल्या एका मित्राने त्याच्या वडिलांच्या शेतावर नोव्हेंबरात हरणांच्या शिकारीला बोलावलंय. मी आयुष्यात बंदूक हातात धरलेली नाही. जावं का? तयारी काय लागते? आणि तिथे नेमकं होतं काय?"

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बाकी सगळी तयारी त्यावरच ठरते. तिथे बहुतेक वेळ काहीच होत नाही. पहाटे पाचला झाडावर चढायचं आणि अंधार पडेपर्यंत बसायचं. खारी वाळक्या पानांत उड्या मारतात आणि प्रत्येक उडीला वाटतं, आलं. मग हंगामाच्या नऊ दिवसांत कधीतरी खरंच एक हरिण समोर येतं आणि आठ-दहा सेकंदांत तुम्हाला ठरवावं लागतं. ठरवून बार टाकलात, तर पुढचे पाच-सहा तास आणि त्यानंतरचे दोनेक आठवडे तुम्ही त्या जनावराला बांधील असता. नैऋत्य विस्कॉन्सिनमधल्या किकापू नदीच्या खोऱ्यातल्या डोंगरधारांवर मी १९ हंगाम बसलोय. माझ्या लेखी तयारी म्हणजे या दहा सेकंदांची आणि त्यानंतरच्या तासांची तयारी. बंदूक, बूट, दुर्बीण हे सगळं त्यासाठीच असतं.

पण तुम्ही एच-वन-बीवर आहात, म्हणून सगळ्यात आधी कायद्याचं बोलतो. आपल्या लोकांपैकी फार थोड्यांना हे माहीत असतं. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याप्रमाणे तात्पुरत्या व्हिसावर आलेल्या माणसाला बंदूक किंवा काडतुसं जवळ बाळगायला बंदी आहे. विद्यार्थी व्हिसावाल्यांनाही तेच लागू. ग्रीन कार्ड असलेल्यांना ही बंदी नाही. तात्पुरत्या व्हिसावाल्यांसाठी काही मोजके अपवाद आहेत आणि त्यातला तुमच्या उपयोगाचा एक असा, की तुमच्याकडे अमेरिकेतल्या एखाद्या राज्याने दिलेला, चालू मुदतीचा शिकारीचा परवाना असला पाहिजे. म्हणजे क्रम उलटा ठेवू नका. "आधी नेमबाजीच्या रेंजवर जाऊन चार गोळ्या मारून बघू, आवडलं तर परवाना काढू" असं मित्र सहज म्हणेल, कारण त्याला हा कायदा लागूच नाही. तुमच्यासाठी मित्राची बंदूक दोन मिनिटं हातात घेणं हेसुद्धा 'जवळ बाळगणं' ठरू शकतं. परवाना हातात येईपर्यंत बंदुकीला हात लावू नका, परवान्याची मुदत संपली की सवलतही संपली असं समजा, आणि एकदा तुमच्या इमिग्रेशनच्या वकिलाला विचारून घ्या. पुढे ग्रीन कार्डाचा अर्ज करायचा असेल तर या एका गोष्टीत ढिलाई परवडणार नाही.

विस्कॉन्सिनमध्ये १ जानेवारी १९७३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकाला परवान्यासाठी शिकारीच्या सुरक्षिततेचा अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो. गावागावातले अनुभवी शिकारी तो स्वयंसेवक म्हणून शिकवतात. दुसरी वाटही आहे: अभ्यासक्रमाशिवाय 'मेंटर'च्या, म्हणजे अनुभवी शिकाऱ्याच्या, हाताखाली जाता येतं, पण तो माणूस सतत हाताच्या अंतरावर असावा लागतो. पहिल्या वर्षी मेंटर बरोबर असणं उत्तमच, तरी अभ्यासक्रम चुकवू नका असं मी सांगेन. तिथे चार नियम घोकून घेतात. प्रत्येक बंदूक भरलेलीच आहे असं समजा. नळीचं तोंड नेहमी सुरक्षित दिशेला ठेवा. समोर काय आहे आणि त्याच्या मागे काय आहे, याची खात्री करा. बार टाकायची वेळ येईपर्यंत बोट चापाच्या कड्याबाहेर ठेवा. वाचायला पंधरा सेकंद लागतात. हाडात मुरायला एक उन्हाळा लागतो.

रहिवाशांसाठी बंदुकीच्या हरिण-परवान्याला २४ डॉलर पडतात. त्याबरोबर एका शिंगवाल्या नराची मुभा मिळते आणि माद्यांच्या परवानग्या काउंटीनुसार, म्हणजे जिल्ह्यागणिक, तिथल्या हरणांच्या संख्येप्रमाणे वेगळ्या असतात. हंगाम थँक्सगिव्हिंगच्या (नोव्हेंबरातला चौथा गुरुवार) आधीच्या शनिवारी सुरू होतो आणि नंतरच्या रविवारी संपतो. त्याला लागूनच दहा दिवस ठासणीच्या बंदुकीचे. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी थबकलो होतो. संगमेश्वराकडच्या आमच्या घरात आजोबांची ठासणीची बंदूक होती, रानडुकरांपासून शेती राखायचा परवाना होता, आणि आम्हा पोरांना तिला हात लावायची मनाई होती. ती जातकुळी इथे अजून रानात वावरते.

आता तयारी. ती नोव्हेंबरात करायची नसते, ऑगस्टपासून करायची असते.

पहिलं काम जमिनीचं. मित्राच्या वडिलांना विनंती करा आणि ऑक्टोबरातला एक रविवार शेत पायी फिरायला मागून घ्या. नैऋत्य विस्कॉन्सिनच्या या पट्ट्याला ड्रिफ्टलेस म्हणतात. हिमयुगातल्या बर्फाच्या थरांखाली हा भाग सापडला नाही, म्हणून इथे सपाटी नाही. अरुंद डोंगरधारा, खोल घळ्या, उतारावर ओक आणि माथ्यावर मक्याची शेतं. हरिण इथे डोंगर कसा ओलांडतं, तर आपण ओलांडू तसंच: खिंडीतून. दोन टेकाडांमध्ये जिथे धार खाली दबते तिथे पायवाटा एकत्र येतात. अशी खिंड सापडली की अर्धं काम झालं. मग खुणा वाचा. पातळ झाडाच्या सालीवर गुडघ्याच्या उंचीला घासल्याची खूण म्हणजे नराने शिंगं घासलेली. खाली वाकलेल्या फांदीखाली पाचोळा उकरून उघडी केलेली माती म्हणजे माजावरच्या नराचा निरोप. कोवळे शेंडे तोडलेले दिसले तर कापाकडे नीट बघा. हरणाला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात, म्हणून तो शेंडा फाटल्यासारखा असतो. सशाने खाल्लेला शेंडा सुरीने कापल्यासारखा तिरका असतो. ओकांमध्येही पांढऱ्या ओकाची फळं हरणाला आधी हवी असतात, कारण लाल ओकाच्या फळात तुरटपणा जास्त असतो.

(शिंगांचं एक सांगून ठेवतो. आपण मराठीत काळविटालाही हरिण म्हणतो, पण ते कुरंगांतलं. त्याची शिंगं कायमची असतात. इथलं पांढऱ्या शेपटीचं हरिण आपल्या चितळ-सांबराच्या नात्यातलं. त्याची शिंगं दर हिवाळ्यात गळतात आणि उन्हाळ्यात नव्याने येतात. जानेवारी-फेब्रुवारीत रानात पडलेली शिंगं शोधत फिरणं हा इथला आणखी एक छंद आहे आणि त्याला बंदूक लागत नाही. तुमच्या बायकोला आणि मुलांना घेऊन जाता येईल.)

दुसरं काम वाऱ्याचं. हरिण तुम्हाला डोळ्यांनी टिपेलच असं नाही, पण नाकाने ते हमखास ओळखतं. डोंगराळ भागात हवामानखात्याचा वारा एक सांगतो आणि घळीतली हवा दुसरंच करते. सकाळी थंड हवा उतारावरून खाली वाहते, ऊन वर आलं की तीच हवा वर चढू लागते. म्हणून सकाळी मी खालून येणाऱ्या वाटेच्या वरच्या बाजूला बसत नाही. आणि आपल्या घरांसाठी खास सूचना: शिकारीचे कपडे स्वयंपाकघरापासून लांब ठेवा. बिनवासाच्या साबणाने धुऊन, झाकणाच्या डब्यात भरून गॅरेजमध्ये. हिंग-मोहरीची फोडणी जाकिटात एकदा बसली की महिनाभर जात नाही. कपड्यांना चमक आणणारी पावडरही टाळा. हरणाला नारिंगी रंग झगझगीत दिसत नाही, पण निळा आणि त्या पावडरीची चमक चांगली दिसते. त्याचमुळे भडक नारिंगी घालूनही आपण त्याच्यापासून लपू शकतो. इथल्या नियमाप्रमाणे कमरेच्या वरच्या बाह्य कपड्यांचा निम्मा भाग तरी भडक नारिंगी किंवा भडक गुलाबी हवा, आणि टोपी घातली तर तीही तशीच. गुलाबीची मुभा २०१६ पासून आहे. मी नियमाहून जास्त घालतो. जाकीट आणि टोपी दोन्ही पूर्ण नारिंगी.

तिसरं काम थंडीचं, आणि इथे नवखे सगळ्यात जास्त हरतात. शून्याखाली पाच-सात अंशांवर चालणं काही कठीण नाही. त्याच थंडीत पाच तास न हलता बसणं ही वेगळी गोष्ट आहे. सुती बनियन घरी ठेवा. एकदा घाम आला की ती ओलीच राहते. अंगालगत मेरिनो लोकर, वर आणखी एक लोकरीचा थर, आणि जाड जाकीट पाठीवर बांधून न्यायचं. मचाणाशी पोचल्यावर, श्वास शांत झाल्यावर ते घालायचं. बूट एक माप मोठे घ्या. घट्ट बुटांत दोन मोजे घातले तर रक्त अडतं आणि पाय आणखी गार पडतात.

मचाणाचं मी कळकळीने सांगतो. हंगामात लोक गोळीने कमी आणि मचाणावरून पडून जास्त जायबंदी होतात. संपूर्ण अंगाचा हार्नेस, म्हणजे सुरक्षेचा पट्टा, घालायचा आणि जमिनीवरून पाय उचलला त्या क्षणापासून दोराला अडकवलेला ठेवायचा. चढताना, बसताना, उतरताना. बंदूक खांद्याला लावून चढायचं नाही. ती रिकामी करून खाली ठेवायची, वर बसल्यावर दोरीने ओढून घ्यायची, मग भरायची. उतरताना उलट. तुमचा यजमान "आम्ही तीस वर्षं असेच चढतो" म्हणाला तरी तुम्ही हार्नेस लावा. कोणी त्याचं वाईट वाटून घेत नाही, आणि घेतलं तर घेऊ द्या.

बंदुकीबद्दल लोक तासन्‌तास बोलतात, मी थोडक्यात सांगतो. मित्राच्या घरातली .२४३ किंवा .३०८ मापाची रायफल मिळाली तर दोन्ही पुरेशा आहेत. पहिलीचा धक्का कमी, म्हणून नवख्याला ती बरी. गोळी तांब्याची घ्या. शिशाची गोळी आत फुटते तेव्हा तिचे डोळ्यांना न दिसणारे कण जखमेपासून बरेच लांब मांसात पसरतात, आणि हे मांस तुम्ही लहान मुलांना खायला घालणार आहात. सरावासाठी नेमाची छापील पाटी नको. जेवणाची आठ इंची कागदी प्लेट लावा, कारण हरणाच्या पुढच्या पायामागे हृदय आणि फुप्फुसांची जागा साधारण तेवढीच असते. टेबलावर बंदूक टेकवून नेम लागला म्हणजे सराव झाला असं होत नाही. बसून, गुडघ्यावर, जाड जाकीट आणि हातमोजे घालून, पळत येऊन छाती धडधडत असताना मारा. ज्या अंतरावर दहापैकी दहा गोळ्या प्लेटमध्ये बसतात ते तुमचं अंतर. माझं रानातलं अंतर ऐंशी यार्ड आहे आणि १९ वर्षांत मी ते वाढवलेलं नाही.

आता तो शनिवार.

शुक्रवारी संध्याकाळीच गाव बदललेलं दिसेल. पेट्रोल पंपावर, किराणा दुकानात सगळीकडे नारिंगी जाकिटं, चर्चच्या तळघरात शिकाऱ्यांसाठी जेवण, घरी टेबलावर पत्त्यांचा डाव. पाच लाखांहून जास्त माणसं या एका हंगामासाठी परवाना काढतात. तीन पिढ्या एका छपराखाली झोपतात, पहाटे चारला कोणीतरी अंडी फोडायला लागतं. आपल्याकडे गणपतीला मुंबईची माणसं कोकणात जातात, तशी शिकागो-मिनीॲपोलिसकडे गेलेली मुलं या शनिवारी घरी येतात. तुम्हाला बोलावलंय ते या घरात बोलावलंय, हे लक्षात ठेवून जा. भांडी घासायला उभे राहा.

अंधारात मचाणावर बसलात की पहिला अर्धा तास डोळ्यांना काही दिसत नाही आणि कानांना सगळं ऐकू येतं. सूर्योदयाच्या अर्धा तास आधी कायद्याने बार टाकायची मुभा सुरू होते. थोड्याच वेळात लांबच्या धारेवर पहिला आवाज होतो, मग दुसऱ्या दिशेला, मग चारी बाजूंनी. नरकचतुर्दशीला अभ्यंगस्नान करून अंगणात उभं असताना पलीकडच्या वाडीतले सुतळी बॉम्ब ऐकू येतात ना, तसं. ते ऐकून घाई करू नका. कायद्याने मुभा असली तरी झाडाच्या बुंध्यात आणि हरणात फरक नीट दिसत नसेल तर बंदूक मांडीवरच ठेवा.

हरिण येतं तेव्हा बहुतेक वेळा आवाज न करता येतं. एका क्षणी तिथे काही नसतं, दुसऱ्या क्षणी कान असतो. तुमचं हृदय कानात ठोके देईल, हात थरथरतील, श्वास घ्यायचा राहून जाईल. इथले लोक याला 'बक फीव्हर' म्हणतात आणि तो मला अजून येतो. त्या वेळी स्वतःला चार प्रश्न विचारायचे, नेहमी त्याच क्रमाने. नर की मादी, आणि त्याची परवानगी माझ्याकडे आहे का? ते आडवं उभं आहे का? मागे माती आहे की आकाश? मधे फांदी आहे का? यातल्या एकाचंही उत्तर मनासारखं नसेल तर बार टाकायचा नाही. हरिण तुमच्याकडे तोंड करून उभं असेल, पळत असेल, धारेच्या माथ्यावर आभाळावर उठून दिसत असेल, तर जाऊ द्या. धारेपलीकडे कोणाचं घर आहे ते तुम्हाला दिसत नाही. माझ्या १९ पैकी सहा हंगामांत मी एकही गोळी मारली नाही, आणि त्यातल्या तीनदा हरिण समोर उभं होतं.

आणखी एक वेळ तशीच जायला हवी होती. चौथा हंगाम होता, शेवटचा रविवार, उजेड संपत आलेला. मादी तिरकी उभी होती, मला ते दिसत होतं, आणि नऊ दिवसांचा थकवा माझ्या बोटात उतरला होता. गोळी पोटात लागली. मग मी दुसरी चूक केली. वीस मिनिटांत खाली उतरून टॉर्च घेऊन तिच्या मागे निघालो. ती बसलेली होती, माझ्या चाहुलीने उठली आणि घळीत उतरली. सकाळी सापडली तेव्हा कोयोट्यांनी, म्हणजे इथल्या रानकोल्ह्यांनी, बरंच खाल्लं होतं. तिला जे भोगावं लागलं ते माझ्या उतावळेपणामुळे. म्हणून पुढचं मी जरा सविस्तर लिहितो.

गोळी लागल्यावर हरिण तिथेच पडेल असं धरून चालू नका. फुप्फुसातून गोळी गेलेलंही पन्नास-शंभर यार्ड पळतं. बार झाल्यावर दुसरं काडतूस चढवा आणि बघत राहा. ते कुठे उभं होतं, कोणत्या झाडाजवळून दिसेनासं झालं, हे मनात पक्कं करा. घड्याळ बघा. अर्धा तास वर बसून राहा. मग खाली उतरून ते उभं होतं तिथे जा आणि रक्त वाचा. फिकट गुलाबी, बुडबुड्यांचं असेल तर फुप्फुस, हरिण जवळच पडलेलं असणार. गडद लाल असेल तर बहुधा यकृत, तीन-चार तास थांबा. रक्तात हिरवट पाणी आणि चघळलेल्या गवताचा वास असेल तर पोट. तिथूनच आवाज न करता मागे फिरा आणि सहा-आठ तास, गरज पडली तर रात्रभर थांबा. न छेडलेलं जखमी हरिण जवळच बसतं आणि तिथेच मरतं. छेडलं की मैलभर जातं. माग काढताना रक्ताच्या प्रत्येक थेंबाशी कागदाचा तुकडा ठेवत जा, मागे वळून पाहिलं की दिशा कळते. माग काढणारी कुत्री घेऊन येणारी माणसं इथे आहेत, कुत्रं दोरीला बांधलेलं असलं की नियमात बसतं. लाजू नका, बोलवा. आणि माग शेजारच्याच्या कुंपणापलीकडे गेला तर तिथेच थांबा. जखमी हरणामागेसुद्धा दुसऱ्याच्या जमिनीत परवानगीशिवाय जाता येत नाही. म्हणून शेजाऱ्यांची ओळख आणि फोन नंबर आधीच करून ठेवायचे.

सापडल्यावर मागच्या बाजूने जा, काठीने डोळ्याला हलकेच स्पर्श करा. पापणी हलली नाही तर बंदूक रिकामी करा. मी तिथे दोन मिनिटं गुडघ्यावर बसतो. काय म्हणतो ते माझ्यापाशी.

मग पोट साफ करायचं. पहिल्या वेळी अनुभवी माणसाकडूनच शिका. लिहून सांगून ते येत नाही. फक्त तीन गोष्टी: हातमोजे घाला, मूत्राशय आणि पोटाच्या पिशवीला सुरी लागू देऊ नका, आणि मागच्या पायांच्या आतल्या केसाळ ग्रंथींना हात लावून तोच हात मांसाला लावू नका. मांस लवकर गार करणं ही सगळ्यात मोठी गोष्ट. हवा चार अंशांहून गरम असेल तर पोकळीत बर्फाच्या पिशव्या भरा. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत डीएनआरकडे, म्हणजे राज्याच्या नैसर्गिक संसाधन खात्याकडे, ऑनलाइन किंवा फोनवर नोंदणी करा.

यानंतरची गोष्ट आपल्या लोकांनी नीट ऐकावी. या भागातल्या हरणांत क्रॉनिक वेस्टिंग डिसीज नावाचा मेंदूचा रोग आहे. विस्कॉन्सिनमध्ये तो २००२ मध्ये मॅडिसनच्या पश्चिमेला पहिल्यांदा सापडला. जंतूमुळे होत नाही, विकृत घडीच्या प्रथिनामुळे, म्हणजे प्रायॉनमुळे होतो. शिजवून ते नष्ट होत नाही आणि मातीत वर्षानुवर्षं टिकतं. हरिण दिसायला धडधाकट असतानाही रोगी असू शकतं. माणसाला झाल्याचं आजवर सिद्ध झालेलं नाही, तरीही तपासणीत रोग निघालेल्या हरणाचं मांस खाऊ नये असाच आरोग्य यंत्रणेचा सल्ला आहे. तपासणी मोफत असते. थोडी मान ठेवून डोकं ठरलेल्या पेटीत ठेवून यायचं, साधारण दोन आठवड्यांत निकाल येतो. तोवर मांस फ्रीझरमध्ये, चिठ्ठी लावून, न खाता. आपल्याकडे बोकडाचा भेजा आवडीने खातात. इथे हरणाचा भेजा, पाठीच्या कण्यातला मगज, डोळे, प्लीहा यांना हात लावायचा नाही. करवतीने कणा कापू नका, मांस हाडावरून सोडवून घ्या. उरलेली हाडं रानात टाकू नका, कचराडेपोत द्या.

साठ किलोंच्या मादीतून वीसेक किलो मांस निघतं. त्याला चरबी नसते, आणि जी असते ती मेणासारखी टाळूला चिकटते, म्हणून सगळी काढून टाका. पाठीचे दोन पट्टे साजूक तुपावर, मीठ-मिरपूड लावून, मधे गुलाबी ठेवून. त्याला मसाला लावू नका. मांडीचं मांस कांदा-खोबऱ्याच्या वाटणात, पण मटणापेक्षा तेल थोडं सढळ आणि आच मंद. नडगीचं मांस तीन-चार तास रटरटू द्यावं, तेव्हा ते सुटतं. जास्त झालं तर विकायचा विचारही करू नका, रानातल्या हरणाचं मांस विकणं बेकायदा आहे. अन्नछत्रांना दान देण्याची राज्याची योजना आहे, तिथे द्या.

"जावं का" हे राहिलं. तुम्ही विचारलं नाहीत, पण घरचे विचारतील: हरणाला मारवतं कसं? भारतात १९७२ च्या कायद्याने शिकार बंद झाली आणि ते योग्यच झालं, कारण तिथे जनावरं संपत चालली होती. इथे अडचण उलटी आहे. पुमा विसाव्या शतकाच्या सुरुवातीला संपले, लांडगे १९६० च्या सुमारास संपले. ते नंतर उत्तरेत परतले, पण आमच्या खोऱ्यात त्यांचा वावर जवळजवळ नाही. हरणं मात्र वाढत गेली. १९४० च्या दशकात आल्डो लिओपोल्ड या मॅडिसनच्या प्राध्यापकांनी माद्याही माराव्यात असं सांगितलं, तेव्हा लोक त्यांच्यावर तुटून पडले होते. ज्या रानात हरणं फार झाली आहेत तिथे गुडघ्याएवढं ओकाचं रोप शोधून दाखवा, सापडत नाही. मी मुख्यतः माद्याच मारतो त्याचं कारण हे. शिंगं भिंतीवर लावायला मला काही नको आहे.

हे सगळं वाचून पोटात गोळा आला असेल तर या वर्षी परवान्याशिवाय, नुसते यजमानाबरोबर मचाणावर बसायला जा. बंदुकीला हात न लावता, नारिंगी जाकीट घालून. त्यात काही कमीपणा नाही, माझा पहिला हंगाम तसाच गेला. बार टाकायचा आहे असं ठरलं, तर अभ्यासक्रमाच्या वर्गात नाव आजच घाला. ऑगस्टनंतर जागा पटापट भरतात. आणि मित्राच्या वडिलांना तो ऑक्टोबरातला रविवार आत्ताच मागून ठेवा.